भलेपणाच्या पांघरुणाखालचं वाईट

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागं तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की वाईट माणूस नजरेवरनंच कळतो, आणि देवाधर्माचा माणूस असला तर तिथं तपासायचं काय एवढं. पत्र छोटंच होतं पण ते माझ्या डोक्यातनं जाईना, म्हणून हे लिहायला बसले. थोडं लांबेल. कापायचं असेल तर पुढचं मागचं कापा पण आपल्या सोलापुरातल्या सेटलमेंट या वस्तीबद्दल लिहिलंय तो भाग कापू नका एवढी विनंती.

मी ख्रिस्ती आहे, सोलापूरचीच, शाळेत शिकवून रिटायर झालेली. आमच्या घरात रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची पद्धत आजीपासूनची. त्या वाचनातनं मला एक गोष्ट पक्की कळलीय, वाईट जेव्हा खरंच काहीतरी मोठं बिघडवायला येतं तेव्हा ते वाईट दिसतच नाही. एदेन बागेतलं ते झाड बघा, उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलंय की ते खायला चांगलं, दिसायला सुंदर आणि शहाणपण देणारं वाटलं. विष म्हणून कुणी पुढं केलं नव्हतं. करिंथच्या मंडळीला दुसरं पत्र लिहिताना प्रेषित पौल सांगतो की सैतान स्वतः तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो, मग त्याच्या सेवकांनी नीतिमान सेवकांचं सोंग घेतलं तर त्यात नवल काय. आणि प्रभू येशूनं डोंगरावरच्या उपदेशात सांगितलं की मेंढराच्या वेषात लांडगे तुमच्याकडे येतील. तुमच्याकडे, म्हणजे कळपात. रानात उभा असलेला लांडगा सगळ्यांनाच दिसतो की, त्याच्याबद्दल सावध राहा म्हणून वेगळं सांगायची गरज नव्हती.

आणि आम्ही काय करतो, तर सैतान कायम दुसऱ्याच्या घरात शोधतो. आमच्यातल्या काही प्रार्थना ग्रुपांमध्ये यादीच असते, हे सैतानी, ते सैतानी. जानेवारीत गड्डा यात्रा भरली आणि पोरं नंदीध्वजाची मिरवणूक बघायला गेली की त्यांचं नाव घेऊन प्रार्थना सुरू. शेजारणीनं प्रेमानं दिलेला तिळगूळ घ्यायचा का नाही यावर तासभर चर्चा. मला याचं खरंच वाईट वाटतं. ज्या शेजारणीनं बाळंतपणात तुमच्या घरी भाकरी पोचवली तिच्या वाटीत सैतान दिसतो आणि आपल्याच स्टेजवर माईक धरून उभा असलेला दिसत नाही, ही नजर प्रभूनं दिलेली नाही.

स्टेजवरचा म्हणते ते उगाच नाही. माझ्या ओळखीत एक बाई आहे, विड्या वळते, नवरा गेलेला, शुगरचा त्रास जुना. सिव्हिलमधनं गोळ्या मिळायच्या, नीट चाललं होतं. मग एका प्रार्थना ग्रुपमध्ये जायला लागली. सुरुवातीला तिथं सगळं चांगलंच होतं हे मी मुद्दाम सांगते, बायका एकमेकींना विचारायच्या, आजारी पडलं की घरी यायच्या, गाणी व्हायची, ती हसायला लागली होती. मग हळूहळू सांगायला लागले की गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं, विश्वास पूर्ण असेल तर गोळी कशाला. मग सांगितलं बी पेरा म्हणजे पीक येईल, बी म्हणजे पैसे. तिनं कानातलं मोडलं. गोळ्या बंद केल्या. पायाला जखम झाली ती बरी होईना, तर म्हणाले तुझ्या विश्वासात कुठंतरी भोक आहे. शेवटी पायाचं बोट काढावं लागलं. एवढं झाल्यावर ग्रुपमधलं कुणी दवाखान्यात फिरकलं नाही. आणि ती बाई काय म्हणते, माझाच विश्वास कमी पडला. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पैसा गेला, बोट गेलं, आणि वर दोषही तिच्याच माथी.

यातली प्रत्येक गोष्ट वचन दाखवून केली गेली. म्हणून लोक फसतात, की अरे हे तर पवित्र शास्त्रातलंच बोलतायत. पण मत्तयच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात वचन कोण बोलतोय बघा. चाळीस दिवस उपास करून भुकेजलेल्या येशूला सैतान पहिल्यांदा म्हणतो दगडाच्या भाकरी कर. भाकरी ही काय वाईट गोष्ट आहे का? दुसऱ्यांदा मंदिराच्या टोकावर नेऊन म्हणतो खाली उडी टाक, आणि त्याला आधार म्हणून ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतो, देव तुझ्यासाठी दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. अगदी पाठ आहे त्याला. ज्या स्तोत्रानं आमच्या घराघरात आजारी माणसाच्या उशाशी बसून धीर दिला तेच स्तोत्र तिथं एका माणसाला टोकावरनं ढकलायला वापरलंय. प्रभूनं बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं दुसरं वचन सांगून उत्तर दिलं, देवाची परीक्षा पाहू नकोस म्हणून. गोळ्या फेकून दे बघू देव काय करतो असं म्हणणारा त्या मंदिराच्या टोकावरचंच बोलतोय हे ओळखायला थिऑलॉजीची डिग्री लागत नाही.

मग ओळखायचं कसं हा खरा प्रश्न. तोंडावरनं नाही, गोड बोलण्यावरनं नाही, वचनं किती पाठ आहेत त्यावरनं नाही, आणि चमत्कार झाला का यावरनंही नाही, कारण त्याच अनुवाद पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट इशारा आहे की एखाद्या संदेष्ट्यानं सांगितलेलं चिन्ह खरं जरी झालं तरी त्याच्या मागं जाऊ नका, तो तुम्हाला कुठं नेतोय ते बघा. फळांवरनं ओळखा असं प्रभू म्हणाला हे सगळ्यांना माहीत असतं, पण फळ म्हणजे लोक गर्दी धरतात, किती माणसं जमली, हॉल केवढा भरला. माझ्या मते फळ बघायची जागा वेगळी आहे. या सगळ्या चांगल्या कामाची किंमत कोण भरतंय आणि त्या भरणाऱ्याला तोंड उघडायची मुभा आहे का, हे बघायचं. मी शास्त्रात जिथं जिथं सोंग घेतलेलं वाईट वाचलंय तिथं तिथं ही खूण सापडलीय.

बेथानीतला प्रसंग घ्या. योहानाच्या बाराव्या अध्यायात मरीया जटामांसीचं महागडं तेल येशूच्या पायांना लावते आणि येशूचाच शिष्य यहूदा म्हणतो हे तेल ३०० दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. ऐकायला किती बरोबर वाटतं, आजच्या मीटिंगमध्ये कुणी असं बोललं तर आपण टाळ्या वाजवू. पण योहान लगेच पुढं लिहितो की त्याला गरिबांची काळजी होती म्हणून तो हे बोलला नाही, पैशाची थैली त्याच्याकडं असायची आणि त्यातलं तो काढून घ्यायचा. गरिबांचं नाव पुढं आणि थैलीवर हात.

त्याहून मला फिलिप्पैमधली गोष्ट जास्त विचार करायला लावते, प्रेषितांची कृत्ये अध्याय १६. एक गुलाम मुलगी होती, तिच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा होता आणि तिच्या जोरावर तिचे मालक भरपूर कमवायचे. ती पौलाच्या मागं मागं ओरडत फिरायची, ही माणसं परात्पर देवाचे दास आहेत, तारणाचा मार्ग सांगतायत. आता हे खोटं होतं का? शंभर टक्के खरं होतं, फुकटची जाहिरात होती. तरी पौल वैतागला आणि त्यानं त्या आत्म्याला बाहेर काढलं. मुलगी मोकळी झाली. मालकांना आनंद झाला का, तर नाही, त्यांनी बघितलं की आपली कमाई बुडाली आणि पौल आणि त्याचा सोबती सीला यांना धरून चौकात ओढत नेलं. पण अधिकाऱ्यांपुढं कमाई बुडाली असं एका शब्दानं बोलले नाहीत हं. तिथं म्हणाले ही माणसं आपल्या शहरात गडबड माजवतायत, आपल्याला न शोभणाऱ्या चालीरीती शिकवतायत. पोटात दुखत होतं धंद्याचं आणि ओरड केली शहराच्या आणि संस्कृतीच्या काळजीची. असं बोलणारे आज सगळ्याच धर्मांत सापडतील, आमच्यातही.

आणि नाबोथाचा द्राक्षमळा. बायबलातलं पहिले राजे हे पुस्तक, २१ वा अध्याय. अहाब राजाला भाजीचा मळा करायला ती जमीन हवी होती, नाबोथ म्हणाला वाडवडिलांची जमीन देणार नाही. राणी ईजबेलनं काय केलं, गुंड पाठवले नाहीत. तिनं राजाच्या नावानं शिक्का मारून गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रं लिहिली, सगळ्या गावाला उपास जाहीर करा म्हणून. उपास! नाबोथाला लोकांत मानाच्या जागी बसवा, समोर दोन साक्षीदार बसवा, कारण नियमशास्त्रात दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांनी सांगायचं की यानं देवाची आणि राजाची निंदा केली. धर्माचं सगळं पाळलं, कायद्याचं सगळं पाळलं, कागद एकदम क्लिअर, आणि एका निरपराध माणसाला दगडांनी ठेचून त्याची जमीन घेतली. त्या गावातल्या किती लोकांनी त्या दिवशी मनापासून उपास केला असेल आणि आपण देवासाठी काहीतरी करतोय असं त्यांना वाटलं असेल, हा विचार मला झोपू देत नाही. एलीया संदेष्टा नंतर आला आणि राजाच्या तोंडावर विचारलं, खून करून वर ताबाही घेतलास का? गावात तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

आता सेटलमेंट. बायबलातल्या गोष्टी लांबच्या वाटतात म्हणून आपल्या गावातलीच सांगते. सोलापुरात सेटलमेंट हा भाग सगळ्यांना माहीत आहे, रिक्षावाल्याला नुसतं सेटलमेंट म्हटलं की पुरतं. पण ती कसली सेटलमेंट होती हे नवीन पोरांना विचारा, बहुतेकांना सांगता येत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढं १९११ आणि १९२४ ला तो आणखी पसरवला आणि कडक केला. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट, टकारी अशा कितीतरी जमातींवर शिक्का मारला की हे जन्मानंच गुन्हेगार. एखाद्यानं चोरी केली म्हणून नाही, त्या जातीत जन्मला म्हणून. पाळण्यातलं लेकरूसुद्धा गुन्हेगार. मग त्यांना काटेरी तारेच्या कुंपणात ठेवलं, रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि कामाला सोलापूरच्या गिरण्यांमध्ये.

आणि या सगळ्याला नाव काय दिलं होतं, सुधारणा. सरकारी कागदांत तुम्हाला कुठं लिहिलेलं सापडणार नाही की आम्ही या लोकांचा छळ करतोय, तिथं भाषा सगळी उद्धाराची, शिस्तीची, कष्टाच्या भाकरीची. आणि मला ख्रिस्ती म्हणून जे सांगितलंच पाहिजे ते हे की सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार अमेरिकन मराठी मिशन या मिशनऱ्यांच्या संस्थेकडं होता. उत्तरेकडं सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेनं अशाच सेटलमेंट चालवल्या. म्हणजे कुंपण सरकारचं, आणि आत प्रार्थना आमची.

मी त्या मिशनऱ्यांना राक्षस म्हणत नाही. आत शाळा होती, औषधपाणी होतं, लेकरांना अक्षर मिळालं, त्यातली बरीच माणसं आपला देश सोडून आली होती आणि त्यांच्या मनात माया होती याबद्दल मला शंका नाही. पण म्हणूनच ही गोष्ट इतकी भयंकर आहे. माया होती, शाळा होती, प्रार्थना होती, आणि त्या सगळ्याभोवती तार होती. ज्या प्रभूनं नासरेथच्या सभास्थानात उभं राहून धरून नेलेल्यांची सुटका जाहीर करायला मी आलोय असं यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातनं वाचून दाखवलं, त्याचं नाव घेणारी माणसं रोज सकाळी हजेरी घेत होती. किंमत कोण भरत होतं, ज्यांच्या पायात पासाची बेडी होती ते. त्यांना तोंड उघडायची मुभा होती का, नव्हती. कुंपणाच्या आतलं शाळेचं एक चांगलं काम दाखवून बाहेरचं अख्खं वाईट झाकता येतं, आणि झाकणाऱ्याला स्वतःला पण कळत नाही की आपण झाकतोय. देश स्वतंत्र झाल्यावर सुद्धा हा कायदा लगेच गेला नाही, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून त्या जमाती तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण शिक्का कुठं गेला, आजही कुठं चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या पालावर जातात हे तुमच्या वार्ताहरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माझं आमच्या लोकांना म्हणणं आहे की ३१ ऑगस्टला सोलापुरातल्या प्रत्येक चर्चमध्ये या गोष्टीची आठवण व्हावी, त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवून त्यांच्या आईबापांनी काय भोगलं ते ऐकावं आणि क्षमा मागावी. आमच्यात काही जणांना हे आवडणार नाही, ते म्हणतील मिशननं आपल्याला किती दिलं, आणि खरंच दिलं. याच अमेरिकन मराठी मिशननं १८४२ ला अहमदनगरला ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केलं, नगरच्या फॅरार बाईंची मुलींची शाळा बघून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली, सावित्रीबाई तिथं ट्रेनिंग घेऊन आल्या. हे सगळं खरं आहे आणि तारही खरी आहे. ज्यांना मिशनचं सगळंच पवित्र वाटतं आणि ज्यांना सगळंच कारस्थान वाटतं, त्या दोघांनीही पारख करायचं सोडून दिलंय. पौल थेस्सलनीकेच्या लोकांना म्हणतो सगळ्याची पारख करा, चांगलं ते घट्ट धरा, वाईटापासून दूर राहा. सगळ्याची म्हटल्यावर आपल्या आजोबांची पण.

घरातली गोष्ट राहिलीच. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीला आमच्यातले वडीलधारे काय सांगतात, क्षमा कर, सातदा नाही सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, बायकोनं नवऱ्याच्या अधीन असावं, संसार मोडू नको साक्ष जाईल, म्हणजे ख्रिस्ती म्हणून लोकांत नाव खराब होईल. मी स्वतः अशा बैठकीत बसलेय. क्षमा ही तर आमच्या विश्वासातली सगळ्यात मोठी गोष्ट, पण तिथं तीच त्या मुलीच्या तोंडावर बोळ्यासारखी कोंबली जात होती. नवऱ्याला एक शब्द नाही, हे अधीन असण्याचं वचन पौलाच्या इफिसकरांच्या पत्रात ज्या पाचव्या अध्यायात आहे त्याच अध्यायात नवऱ्यानं बायकोसाठी स्वतःला अर्पण करावं असं लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. मी ते पान काढून मोठ्यानं वाचलं तर एक काका म्हणाले बाई तुम्ही वातावरण बिघडवताय. वातावरण त्या मुलीच्या पाठीवरचे वळ बघून बिघडलं नव्हतं.

आणखी एक प्रकार आहे तो मी एका कॅथलिक संताच्या चरित्रातनं शिकले, आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी शहाणपण मिळेल तिथनं घ्यावं. इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा शिपाईगडी, १५२१ ला पँप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या देवाकडं वळला. पुढं मान्रेसा गावी राहत असताना त्याच्या लक्षात आलं की रात्री झोपायला गेलं की मनात फार सुंदर आध्यात्मिक विचार येतात, आनंद वाटतो, पण त्यापायी आधीच थोडी असलेली झोप जाते. त्यानं विचार केला की देवाशी बोलायला दिवसभर वेळ ठेवलेला असताना हे नेमकं झोपेच्याच वेळी का येतंय, आणि तो झोपला. नंतर बार्सिलोनाला मोठ्या वयात लॅटिन शिकायला बसला तर पाठांतर करताना तसंच, व्याकरण उघडलं की भक्तीचा पूर. प्रार्थनेत येत नाही, अभ्यासातच येतो. त्यानं सरळ गुरुजींपुढं जाऊन कबूल केलं आणि वचन दिलं की शिकवणी चुकवणार नाही. चांगला विचार जर तुम्हाला हातातल्या कर्तव्यापासनं उठवून नेत असेल तर तो कुठनं आला ते बघा, एवढी बारीक नजर त्या माणसाची. मला माहीत असलेल्या एका घरात सून आठवड्यातल्या बऱ्याच रात्री जागरण प्रार्थनेला जाते आणि अंथरुणाला खिळलेली सासू घरी ओल्या कपड्यात पडून असते. मार्काच्या सातव्या अध्यायात कुर्बानाबद्दल प्रभू हेच बोललाय, देवाला अर्पण केलं म्हणायचं आणि आईबापाला द्यायचं ते टाळायचं.

याचा अर्थ प्रत्येकावर संशय घेत फिरा असा कुणी काढू नये. संशयी माणूस चांगल्यालाही वाईट म्हणतो आणि ते पण तेवढंच मोठं पाप आहे. येशू भुतं काढत होता, माणसं बरी करत होता, तर यरुशलेमेहून आलेले शास्त्री म्हणाले की याला बालजबूल, म्हणजे भुतांचा सरदार, लागलाय. समोर बरा झालेला माणूस उभा आणि यांना त्यात सैतान दिसला. दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या माणसानं केलेलं चांगलं काम आपल्याला असंच खुपतं कधी कधी. आपल्या सोलापुरी चादरीचं बघा ना, तिला नाव आहे म्हणून बाहेरचा माल सोलापुरी म्हणून खपवतात, नाव नसतं तर नक्कल कुणी केली असती. पण म्हणून कुणी चादर वापरायची सोडत नाही, जाणता माणूस ती उलटून वीण बघतो आणि मग घेतो. चांगुलपणाचं सोंग घेतलं जातं कारण चांगुलपणा खरा आहे आणि लोकांना त्याची भूक आहे.

उलटं करून बघणं म्हणजे काय तर विचारणं. पैसे कुठं गेले, हिशेब दाखवा. डॉक्टरांना दाखवलं तर काय बिघडतं. ज्याच्यावर आरोप करताय त्याला बोलवलंय का. ज्यांच्यासाठी हे काम चाललंय असं म्हणता त्यांना विचारलंय का. खरं काम करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही, फार तर कंटाळा येईल. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात तपासून बघितलं, तर कृत्यांच्या पुस्तकात त्यांना थोर मनाचे म्हटलंय, अविश्वासू म्हटलेलं नाही. आणि आपल्याकडं पंडिता रमाबाई होत्या. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, ज्या सिस्टर लोकांनी आसरा दिला, शिकवलं, त्यांच्यावर जीव होता, तरी धर्मातलं जे पटलं नाही ते पत्रांतनं तोंडावर विचारलं, आणि स्पष्ट कळवलं की एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. परदेशात एकटी बाई, लहान लेक बरोबर, त्यांच्याच अन्नावर. तरी विचारलं. पुढं त्याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं आणि अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. प्रश्न विचारल्यानं विश्वास जातो असं सांगणाऱ्यांना रमाबाईंचं चरित्र द्या वाचायला.

संपादक साहेब, आता तुमच्याकडं थेट मागणं आहे. पेपरात अधूनमधून जाहिराती येतात, या आणि बरे व्हा, शुगर, कॅन्सर, मूलबाळ नसणं, सगळ्यावर प्रार्थनेनं खात्रीशीर इलाज. आमच्या ख्रिस्ती सभांच्याही येतात, बाबा महाराजांच्याही येतात, मला दोन्ही सारख्याच. औषध आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, शुगर आणि कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात त्यात बसत नाही आणि ती छापण्यात भाग घेणाऱ्यावरही त्याची जबाबदारी येते. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर तो झाला, चमत्कार दाखवून पैसे उकळणं आणि लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. प्रार्थनासभेची जाहिरात जरूर छापा, प्रार्थनेत मोठी ताकद आहे हे मी स्वतः अनुभवलंय आणि आजही आजारी माणसासाठी गुडघे टेकते. पण इलाजाची खात्री देणारी ओळ दिसली की ती जाहिरात परत पाठवा, आणि ती सभा माझ्या चर्चची असली तर सगळ्यात आधी परत पाठवा.

दुसरं मागणं सेटलमेंटचं. येत्या ३१ ऑगस्टला तुमच्या पेपरात त्या वस्तीवर एक पूर्ण पान काढा. तिथल्या लोकांना लिहू द्या, आमच्या पाळकांना नको, मलाही नको. तारेच्या आत ज्यांचे आजी-आजोबा होते त्यांना त्या शाळेबद्दल, त्या प्रार्थनेबद्दल, त्या हजेरीबद्दल काय वाटतं ते त्यांच्याच शब्दांत यावं. वस्तीतली काही जुनी माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यातले काही माझ्या वर्गातल्या पोरांचे आजोबा. तुमचा वार्ताहर पाठवणार असाल तर मी बरोबर जाऊन गाठ घालून देईन, दुपारी चारनंतर सगळे घरी सापडतात.

आपली,
एक वाचक, सेवानिवृत्त शिक्षिका
सोलापूर